राजाश्रय, लोकाश्रय आणि बाग : व्हिक्टोरियन उद्यानांच्या जतनाची संहिता

मराठी वाङ्मयेतिहासात ‘राजाश्रय’ आणि ‘लोकाश्रय’ ही जोडी इतकी रुळलेली आहे की तिच्यातील ‘आश्रय’ या पदाकडे सहसा कोणी थांबून पाहत नाही. पंडित कवीला दरबार होता, शाहिराला फड होता, कीर्तनकाराला गाव होते, अशी विभागणी करून इतिहासकार पुढे जातो. बाग ही कला या चर्चेत बहुधा येतच नाही. वास्तविक आश्रयावाचून जिला एक ऋतूही काढता येत नाही, अशी कला शोधायची तर ती बागच होय. कविता बाडात पडून राहू शकते. दोनशे वर्षांनी एखादा संशोधक धूळ झटकून ती वाचतो. बाग दोन पावसाळे दुर्लक्षित राहिली तर वाटा बुजतात, आणखी काही पावसाळ्यांत रचना बुजते आणि अखेर तेथे केवळ झाडी उरते. झाडी म्हणजे बाग नव्हे. बागेला वाचणारा आणि राखणारा असे दोघे नित्य लागतात.

इंग्लंडमध्ये आणि वसाहतींमध्ये १८३७ ते १९०१ या राणी व्हिक्टोरियाच्या कारकिर्दीत जी सार्वजनिक उद्याने उभी राहिली, त्यांच्या जतनाचा प्रश्न गेल्या तीसचाळीस वर्षांत पुढे आला. नगरपालिकांचे हात आखडले, विकासाच्या योजना आल्या आणि ठिकठिकाणी नागरिक पुढे सरसावले. या प्रक्रियेला शासकीय मराठीत ‘लोकसहभाग’ म्हणतात. हा शब्द सोयीचा आहे, पण तो मूळ प्रश्न झाकतो. सहभाग कोणाच्या कामात, कोणत्या अधिकाराने, हे त्यातून कळत नाही. ‘लोकाश्रय’ हा जुना शब्द अधिक प्रामाणिक आहे. आश्रय म्हटले की देणारा कोण आणि घेणारा कोण हे विचारावेच लागते. प्रस्तुत निबंधात या शब्दाच्या आधारे काही व्हिक्टोरियन बागांचे, त्यांतही मुंबईच्या राणीच्या बागेचे, आणि त्या वाचवण्यासाठी झालेल्या लेखनाचे वाचन केले आहे. अर्ज, वृक्षांच्या याद्या, देणगीची आवाहने आणि झाडांवरच्या पाट्या हे सारे मिळून एक वाङ्मयप्रकार सिद्ध होतो. तुलनाकारांनी त्याकडे लक्ष द्यावे इतका तो समृद्ध आहे.

व्हिक्टोरियन सार्वजनिक बाग ही आरंभापासूनच वाचण्यासाठी रचलेली होती. जॉन क्लॉडियस लाउडन या उद्यानकाराने १८३२ मध्ये ‘गार्डनेस्क’ ही संज्ञा रूढ केली. तिचा आशय असा, की प्रत्येक वनस्पती सुटी लावावी, तिला पुरेशी जागा द्यावी, तिचे विशेष रूप डोळ्यांत भरावे. अठराव्या शतकातील इंग्रजी बाग निसर्गाचा आभास निर्माण करी. तिच्यात झाडे एकमेकांत मिसळलेली असत. लाउडनच्या बागेत झाडे शब्दकोशातील नोंदींसारखी उभी राहतात. डर्बी येथील गिरणीमालक जोसेफ स्ट्रट याने शहराला दिलेली सुमारे अकरा एकरांची अर्बोरेटम बाग १६ सप्टेंबर १८४० रोजी खुली झाली. तिची रचना लाउडनचीच. हजाराच्या आसपास वृक्षझुडपे, प्रत्येकाला क्रमांक, प्रत्येकाला पाटी, आणि बरोबर लाउडनने लिहिलेली पुस्तिका. ज्याला वाचता येई त्याला बाग कळे. ज्याला येत नसे त्याने चांगल्या कपड्यांत फिरावे, दारूच्या गुत्त्यापासून दूर राहावे, एवढी अपेक्षा होती. १८३३ मध्ये ब्रिटिश संसदेच्या समितीने सार्वजनिक फिरण्याच्या जागांविषयी जो अहवाल दिला, त्यातही कामगारांच्या आरोग्याइतकीच त्यांच्या वर्तनाची चिंता आहे.

स्ट्रटच्या देणगीतील एक तपशील नजरेआड होऊ नये. बाग आठवड्यातून दोनच दिवस, रविवारी आणि बुधवारी, सर्वांना विनामूल्य होती. इतर दिवशी प्रवेशशुल्क होते. दानपत्रातच बागेचे दोन वाचकवर्ग ठरून गेले. प्रवेशाचे तिकीट हा या संहितेचा एक भाग आहे, आणि पुढे मुंबईत त्याची पुन्हा गाठ पडणार आहे.

मुंबईचा इतिहास याच काळात सुरू होतो. पश्चिम हिंदुस्थानच्या ॲग्री-हॉर्टिकल्चरल सोसायटीची बाग आधी शिवडीला होती. ती जागा दफनभूमीसाठी गेल्यावर माझगाव-भायखळ्याच्या माउंट इस्टेटवर नवी बाग आखली गेली आणि १९ नोव्हेंबर १८६२ रोजी लेडी फ्रिअर यांच्या हस्ते ती उघडली. त्याच दिवशी त्याच आवारात संग्रहालयाची कोनशिला बसली. ते संग्रहालय १८७२ मध्ये लोकांसाठी खुले झाले आणि १९७५ पासून ते डॉ. भाऊ दाजी लाड यांच्या नावाने ओळखले जाते. जगन्नाथ शंकरशेट, भाऊ दाजी आणि जॉर्ज बर्डवुड ही या उपक्रमामागची ठळक नावे. भोवतालच्या ग्रंथांच्या तारखा पाहण्यासारख्या आहेत. डॅल्झेल आणि गिब्सन यांचा मुंबई इलाख्याच्या वनस्पतींवरचा ग्रंथ १८६१ चा. बर्डवुडची इलाख्यातील आर्थिक उपजांची सूची १८६२ ची. मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशाची दुसरी आवृत्ती १८५७ ची. पाचसहा वर्षांच्या अवधीत इलाख्यातील शब्द, वनस्पती आणि उपज यांची मोजदाद झाली, आणि या मोजदादीला मोकळ्या हवेत मांडून दाखवणारी जागा म्हणजे ही बाग. कोश आणि बाग यांचा वाचक एकच होता. प्रशासक, व्यापारी, शिकलेला एतद्देशीय.

येथे एक रूढ समज दुरुस्त करावा लागतो. या बागा राजाश्रयाने उभ्या राहिल्या आणि आता लोकाश्रयावर आल्या, अशी सरळ रेघ सांगितली जाते. वस्तुस्थिती तशी नाही. मुंबईची बाग सभासदांच्या वर्गणीवर आणि धनिकांच्या देणग्यांवर उभी राहिली. प्रवेशाजवळचा घड्याळाचा मनोरा ससून घराण्याच्या देणगीचा. अमेरिकेतील यादवी युद्धाच्या काळात कापसाने मुंबईत पैसा ओतला, १८६५ मध्ये तो बुडबुडा फुटला, सोसायटी अडचणीत आली आणि १८७३ मध्ये बाग नगरपालिकेकडे गेली. म्हणजे आज ज्याला समाजाचा आधार म्हणतात तो प्रयोग मुंबईत एकदा होऊन कोसळलाही होता. फरक आश्रय देणाऱ्या ‘लोकां’त आहे. १८६२ चे लोक म्हणजे शेटिये आणि साहेब. ज्यांची वर्गणी, त्यांची बाग.

सामान्य माणसाने या बागेला आश्रय दिला तो पैशाने नव्हे, नावाने. ‘व्हिक्टोरिया गार्डन्स’ या अधिकृत नावाचे भाषांतर कोणी ठरवून केलेले नाही. ते बोलण्यातून ‘राणीची बाग’ झाले, पुढे ‘राणीबाग’. या भाषांतरात एक विलक्षण गोष्ट घडली. विशेषनाम गळाले आणि सामान्यनाम उरले. व्हिक्टोरिया गेली, राणी राहिली. आणि ‘एक आटपाट नगर होतं’ म्हणताच जी राणी समोर येते तिच्यात आणि या राणीत फारसे अंतर उरले नाही. पुढे बागेचे नाव वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान झाले, तरी लोकांच्या तोंडचे नाव बदलावे लागले नाही. राणीच्या जागी राजमाता आली आणि जुना शब्द तिलाही पुरला. साम्राज्ञीचा संगमरवरी पुतळा रस्त्यावरून हलवून याच परिसरात आणून ठेवावा लागला. तिच्या नावाच्या भाषांतराला मात्र कोणी हात लावला नाही.

झाडांच्या बाबतीतही हेच झाले. बागेतील एक प्रसिद्ध वृक्ष वनस्पतिशास्त्रात ‘ॲम्हर्स्टिया नोबिलिस’ म्हणून ओळखला जातो. गव्हर्नर जनरल ॲम्हर्स्ट यांच्या पत्नी व कन्या यांच्या सन्मानार्थ हे नाव दिले गेले. मराठीत हा वृक्ष ‘उर्वशी’ झाला. दक्षिण अमेरिकेतून आलेला, तोफगोळ्यासारखी फळे धरणारा वृक्ष फुलातील पिंडीसारख्या आकारामुळे ‘कैलासपती’ झाला. आफ्रिकेतील बाओबाब तर कधीच ‘गोरखचिंच’ होऊन नाथपंथात दाखल झालेला होता. लॅटिन नाव वनस्पतीला साम्राज्याच्या वंशावळीत बसवते. मराठी नाव तिला पुराणात आणि पंथात बसवते. दोन्ही नावे परकीच, कारण झाडाला नाव नसते. पण दुसऱ्या नावात ते झाड पाहणाऱ्याच्या घरातले होते. नागरिकांच्या चळवळी सुरू होण्याच्या कितीतरी आधी जतनाचे पहिले काम या नामांतराने केले होते. ज्या वस्तूला आपल्या भाषेत नाव नाही तिच्यासाठी कोणी सहीचा अर्ज घेऊन दारोदार हिंडत नाही.

अशा अर्जांची वेळ मुंबईत २००७ च्या सुमारास आली. महानगरपालिकेने प्राणिसंग्रहालयाच्या नूतनीकरणाची मोठी योजना आखली. खर्चाचा अंदाज ४३३ कोटी रुपयांच्या घरात होता. बागेवर प्रेम करणाऱ्या नागरिकांनी, त्यांत वनस्पतींचे अभ्यासक आणि निसर्गप्रेमी पुष्कळ, या योजनेला विरोध केला. पुढे ‘सेव्ह राणीबाग बोटॅनिकल गार्डन फाउंडेशन’ ही संस्था उभी राहिली. बागेला दीडशे वर्षे झाली तेव्हा या मंडळींकडून सचित्र ग्रंथही निघाला. मूळ योजना त्या रूपात अमलात आली नाही.

या चळवळीच्या लेखनाचा कणा म्हणजे यादी. तीन हजारांहून अधिक वृक्ष, अडीचशेहून अधिक जाती. त्यांतील दुर्मीळ कोणते, शहरात अन्यत्र न आढळणारे कोणते. वाङ्मयीन दृष्टीने ही घटना लक्षणीय आहे. यादी हा साम्राज्याचा प्रकार. बर्डवुडच्या सूचीतील वनस्पती बाजारात काय भावाने जाईल यासाठी नोंदली गेली. तीच यादी, तोच क्रम, तेच लॅटिन नाव नागरिकांच्या हाती आले आणि तिचे व्याकरण बदलले. सूचीतील नोंद सांगे की हे उपलब्ध आहे. नागरिकांच्या यादीतील नोंद सांगते की हे येथे आहे आणि आम्ही पाहिले आहे. पहिली विक्रीची भाषा, दुसरी साक्षीची. प्रकार तोच राहून वाचक बदलला की अर्थ कसा उलटतो, याचे इतके स्वच्छ उदाहरण छापील साहित्यातही क्वचित मिळते. मोल्सवर्थचा कोश मराठी माणसाने आपला म्हणून वापरला त्याच जातीची ही कृती आहे.

लिव्हरपूलच्या सेफ्टन पार्कमधील पाम हाउस या काचगृहाचे उदाहरण याच्या शेजारी ठेवता येते. १८९६ मध्ये ते हेन्री येट्स थॉम्पसन याच्या दहा हजार पौंडांच्या देणगीतून उभे राहिले. हा दाता हस्तलिखितांचा विख्यात संग्राहक होता. संग्रहात नेमकी शंभर सचित्र हस्तलिखिते ठेवायची आणि अधिक चांगले मिळाले की एक काढून टाकायचे, असा त्याचा नेम होता. काचगृहाभोवतीचे पुतळेही अशाच निवडक संग्रहासारखे आहेत. कोलंबस, कॅप्टन कुक, नाविक राजपुत्र हेन्री, नकाशाकार मर्केटर आणि त्यांच्या जोडीला लिनिअस, डार्विन. ताडामाडांची झाडे येथवर कोणत्या मार्गाने आली याची ही दगडी प्रस्तावनाच. १९४१ च्या बाँबवर्षावात काचा फुटल्या, १९५० मध्ये पुन्हा बसल्या, आणि १९८० नंतरच्या दशकात इमारत धोकादायक म्हणून बंद झाली. १९९२ मध्ये नागरिकांनी अर्ज केला, सभा घेतली, आणि एकेका काचेचा खर्च एकेका माणसाने उचलावा अशी योजना काढली. तीतून ३५,००० पौंड जमले. संपूर्ण दुरुस्तीला पुढे सुमारे पंचवीस लाख पौंड लागले, ते बहुतांशी लॉटरी निधीतून आणि युरोपीय साहाय्यातून आले. २००१ मध्ये काचगृह पूर्णपणे खुले झाले. म्हणजे लोकांच्या पैशाचे प्रमाण अत्यल्प. तरीही त्या अल्प रकमेशिवाय मोठी रक्कम आली नसती, असे मानायला जागा आहे. कारण निधी देणाऱ्या संस्था आधी लोकांची निष्ठा मोजतात.

तरीपण काचेची योजना आणि मुंबईची यादी यांत भेद आहे, आणि तो मुंबईच्या बाजूने जातो. काच विकत घेणारा देणगीदार थॉम्पसनच्या जागी बसतो, फक्त लहान प्रमाणात. एका दात्याचे हजार तुकडे झाले एवढेच. यादी करणारा नागरिक मात्र दाता होत नाही. तो झाडासमोर उभा राहून ते ओळखायला शिकतो. त्याला बाग वाचावी लागते.

या वाचनात एक पेच आहे. नागरिकांचा मुख्य युक्तिवाद पाठचिकित्सेचा होता. ही मुळात वनस्पती-उद्यान म्हणून आखलेली जागा. प्राणिसंग्रहालय १८९० मध्ये नव्याने जोडलेल्या जमिनीवर आले. सबब प्राण्यांसाठी झाडांचा बळी देणे म्हणजे प्रक्षेपासाठी मूळ पाठ खोडणे होय. ऐतिहासिक दृष्ट्या हा युक्तिवाद बिनतोड आहे. एकनाथांनी शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरीची पाठशुद्धी केली, तिच्यामागची भूमिका मराठी अभ्यासकाला परिचित आहे. मूळ पाठ डागाळू नये ही तळमळ बागेच्या बाबतीतही तितकीच समजण्यासारखी आहे. पण प्रक्षेपांचाही एक वाचकवर्ग असतो. परळ-लालबागच्या गिरणगावातून रविवारी मुलाबाळांना घेऊन येणाऱ्या कुटुंबाला राणीची बाग म्हणजे हत्ती, माकडे, पाणघोडा. त्याच्या दृष्टीने प्रक्षेप हाच पाठ. ॲम्हर्स्टिया फुलली की नाही हे पाहायला ते कुटुंब येत नव्हते. पण झाडांची सावली त्यालाच अधिक लागत होती, कारण घरी दहा बाय बाराची खोली होती.

चळवळीच्या लेखनात हा वाचक क्वचितच कर्ता म्हणून येतो. येतो तो लाभार्थी म्हणून. तिचे लेखन प्रामुख्याने इंग्रजीत झाले. त्यात वारसा, जैवविविधता, शहराची फुप्फुसे हे शब्द येतात; डबा उघडून बसायची जागा येत नाही. हा दोषारोप नव्हे. न्यायालय, वारसा समिती आणि वृत्तपत्रे यांच्याशी बोलायचे तर ती भाषा लागते. परंतु त्याची किंमत पुढे दिसली. मार्च २०१७ मध्ये पेंग्विनांचा कक्ष खुला झाला आणि बागेकडे लोंढे वळले. त्याच वर्षी प्रौढांचे प्रवेशशुल्क पाच रुपयांवरून पन्नासवर गेले. स्ट्रटने दिवस वाटून दोन वाचकवर्ग केले होते. येथे ते तिकिटाने केले. कुटुंबासाठी सवलतीचे तिकीट ठेवले गेले हे खरे, पण दुपारच्या पाळीवरून सुटून सावलीत तासभर आडवा होणारा एकटा माणूस कुटुंबात मोडत नाही. झाडे वाचवणाऱ्या यादीत तो नव्हता, पेंग्विन आणणाऱ्या योजनेतही नव्हता. लोकाश्रयातील ‘लोक’ या पदाची खरी परीक्षा त्याच्यापाशी होते, आणि येथवरच्या लेखनातून ती उत्तीर्ण झाल्याचे दिसत नाही.

या तुलनेत पुण्याच्या एम्प्रेस गार्डनचे उदाहरण वेगळ्या कारणाने विचारार्ह ठरते. सुमारे ३९ एकरांची ही बाग व्हिक्टोरियाच्या सम्राज्ञीपदाचे नाव मिरवते आणि तिची व्यवस्था आजही महापालिका नव्हे, तर मुंबईत बुडालेल्या संस्थेच्याच नावाची ॲग्री-हॉर्टिकल्चरल सोसायटी पाहते. जानेवारीतील पुष्पप्रदर्शन हा तिचा वार्षिक सोहळा. येथे लोकाश्रय म्हणजे संकटकाळची चळवळ नाही, वर्षानुवर्षांची वहिवाट आहे. सभासदत्व, स्पर्धा, रोपांची विक्री, शाळांच्या सहली. चळवळीचे वाङ्मय प्रखर असते. वहिवाटीचे वाङ्मय म्हणजे इतिवृत्ते आणि बक्षिसांच्या याद्या. समीक्षकाला पहिले आकर्षक वाटते. बाग टिकवण्याचे काम मात्र दुसऱ्याकडून अधिक होते.

वहिवाट म्हटली की माळी आलाच. येथे इंग्रजी आणि मराठी परंपरांची तुलना अनपेक्षित वळण घेते. इंग्लंडमध्ये माळीकामातून वर आलेले लेखक होते. बर्कनहेडचे १८४७ मध्ये खुले झालेले उद्यान आखणारा जोसेफ पॅक्स्टन हा मुळात माळीच. तो नियतकालिके चालवी आणि पुढे ‘सर’ झाला. पण हा मुख्य माळ्याचा इतिहास. हाताखालच्या माणसांचे लेखन कसे असते ते कॉर्नवॉलमधील हेलिगनला दिसते. पहिल्या महायुद्धापूर्वी तेथे बावीस माळी काम करीत. बरेच जण युद्धावर गेले, त्यांतले अनेक परतले नाहीत, आणि बाग रानात बुडाली. १९९० मध्ये तिचा शोध पुन्हा लागला तेव्हा माळ्यांच्या शौचकूपाच्या भिंतीवर पेन्सिलीने केलेल्या सह्या सापडल्या. खाली ऑगस्ट १९१४ अशी नोंद. हेलिगनच्या पुनरुज्जीवनाला जो लोकाश्रय मिळाला त्याचे केंद्र ही भिंत आहे. तेथील जीर्णोद्धारकांनी मालक ट्रेमेन घराण्याची नव्हे, काम करणाऱ्यांची गोष्ट सांगायची ठरवली आणि तेवढ्याने बागेचा अर्थ बदलला. अननस पिकवणारा खताचा खड्डा, काचेखालचे वाफे, भाजीचे मळे ही ‘खालची’ बाग प्रेक्षणीय ठरली.

मराठीत माळ्याची सही अशी भिंतीवर शोधावी लागत नाही. अरणच्या सावता माळ्याने मळ्यातच विठ्ठल पाहिला आणि ते अभंगांत सांगितले. तेराव्या शतकात माळी येथे कर्ता आहे, स्वतःच्या कामाचा अर्थ स्वतः लावणारा आहे. एकोणिसाव्या शतकात जोतीराव फुले यांच्या घराण्याचे नावच पेशव्यांना फुले पुरवण्याच्या व्यवसायातून आल्याचे त्यांचे चरित्रकार सांगतात; राजाश्रयाच्या बागेतून निघालेले हे नाव राजाश्रयाच्याच संस्कृतीची कठोर चिकित्सा करते. अशी परंपरा पाठीशी असताना मुंबईच्या बागेविषयी, तिच्या स्थापनेविषयी आणि तिच्या बचावाविषयी जे लिहिले गेले त्यात माळी जवळजवळ मुका आहे, ही गोष्ट खटकते. शेटियांची नावे इमारतींवर आहेत, साहेबांची नावे झाडांना आहेत. उर्वशीला कलम धरत नाही म्हणून गुटी बांधावी की बी रुजवावे, पाणी किती आणि केव्हा, मुळाशी पाणी तुंबले तर काय करावे, हे ज्ञान दीडशे वर्षे ज्या हातांतून आले त्यांची नावे कोठेच नाहीत. मोल्सवर्थच्या कोशामागच्या शास्त्र्यांचे निदान प्रस्तावनेत स्मरण होते.

ही केवळ कृतज्ञतेची बाब असती तर एका फलकाने भागले असते. प्रश्न जतनाच्या पद्धतीचा आहे. बागेची संहिता नकाशात नसते, यादीतही अर्धीच असते. ती मौखिक परंपरेप्रमाणे एका हातातून दुसऱ्या हातात जाते. शाहिराचा फड मोडला की लावणी कागदावर राहते, पण चाल जाते. कायम नोकरीचा माळी निवृत्त होऊन त्याच्या जागी कंत्राटदाराची माणसे आली की बागेची चाल जाते. झाडे उभी असतात, गवत कापलेले असते, आणि दहा वर्षांनी एखादा दुर्मीळ वृक्ष वठला की तो का वठला हे सांगणारे कोणी नसते. या जागेसाठी नागरिकांची चळवळ झगडताना सहसा दिसत नाही, मुंबईत नाही आणि इंग्लंडच्या उद्यानमित्र-मंडळांतही बेताचीच. उलट तिथे पालिकेने माळी कमी केले की मित्रमंडळ स्वयंसेवक पुरवते. लोकाश्रयाच्या नावाखाली वेतनाची जागा हौसेने भरून काढली जाते, आणि पुढच्या अंदाजपत्रकात ती जागा परत येत नाही.

महाराष्ट्रात नागरी क्षेत्रांतील झाडांविषयीचा १९७५ चा कायदा वृक्षगणना बंधनकारक करतो. गणनेच्या तक्त्यात जात, घेर, उंची, झाडाची प्रकृती हे नोंदले जाते. नागरिकांनी आपल्या याद्या बहुधा याच नमुन्यावर बेतल्या. याहून जुना आणि अधिक मोकळा नमुना याच किनाऱ्यावर उपलब्ध होता. डच गव्हर्नर व्हॅन ऱ्हीड याने कोचीहून सिद्ध केलेल्या ‘होर्तुस मलबारिकुस’ या बारा खंडांच्या ग्रंथाचा पहिला खंड १६७८ मध्ये निघाला. तोही वसाहतीचाच ग्रंथ, तोही लॅटिनमध्ये. पण त्याच्या आरंभी इट्टी अच्युतन या मलबारी वैद्याचे स्वतःच्या लिपीतील प्रमाणपत्र छापले आहे, आणि रंगभट, विनायक पंडित व अप्पूभट या तीन कोंकणी वैद्यांचे निवेदन देवनागरीत. कोणती वनस्पती कोणी ओळखली, कोणाच्या सांगण्यावरून नोंदली, हे तेथे ओळखणाऱ्याच्या अक्षरांत वाचता येते. राणीच्या बागेच्या पुढच्या यादीत असा एक रकाना वाढवायला कायद्याची अडचण नाही.